शस्त्रक्रियेतील देहस्थिती आणि हातापायांची हानी : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेच्या इतिहासाचे लेखन बहुधा शस्त्र, भूल आणि जंतुविरोधी उपाय या तीन विषयांभोवती फिरते. ज्या मेजावर रुग्णाला निजविले जाते ते मेज आणि त्यावरील रुग्णाची देहस्थिती यांच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक मूत्राशयाच्या किंवा गुदाशयाच्या विकारासाठी शस्त्रक्रियेस गेलेला रुग्ण मूळ विकारातून बरा झाला, परंतु लुळा हात किंवा ओढत चालावा लागणारा पाय घेऊन घरी परतला, अशी उदाहरणे गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ज्या अवयवाला शस्त्राचा स्पर्शही झाला नाही तोच निकामी व्हावा, ही घटना रुग्णाच्या दृष्टीने अनाकलनीय असते. वैद्यकशास्त्रालाही ती दीर्घकाळ अनाकलनीयच होती.

प्रस्तुत लेखात या हानीच्या आकलनाचा कालक्रमाने आढावा घेतला आहे. भुलीच्या शोधाने रुग्णाची वेदना हरपली, पण त्याबरोबरच हातापायांचे रक्षण करणारी निसर्गदत्त व्यवस्थाही हरपली. ते रक्षण त्या क्षणापासून इतर कोणाचे तरी कर्तव्य झाले. हे कर्तव्य कोणाचे आणि ते कसे पार पाडावयाचे, या प्रश्नाचा शोध म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

भुलीपूर्वीचा काळ

विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी विशिष्ट देहस्थिती हवी, हा विचार अतिप्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील अश्मरीचिकित्सेच्या अध्यायात याचे नेमके वर्णन आढळते. गुडघ्याइतक्या उंच फळीवर एका बलवान व धीट माणसाला बसवावे, रुग्णाचा वरचा देह त्याच्या मांडीवर टेकवून त्याला उताणे ठेवावे, कंबर उंच ठेवावी आणि गुडघे व कोपरे आखडून दोरीने किंवा वस्त्राने बांधावे, असे तेथे सांगितले आहे. रोमन लेखक सेल्ससनेही मूतखडा काढण्याच्या कृतीत रुग्णाला बलवान माणसाच्या मांडीवर धरून ठेवण्याचे वर्णन केले आहे. आजही जिला 'लिथॉटॉमी स्थिती' म्हणतात, त्या स्थितीचे नाव खडा कापून काढण्याच्या याच शस्त्रक्रियेवरून आले आहे.

या काळात रुग्णाला घट्ट बांधले जात असे, पण तो फार वेळ बांधलेला राहत नसे. वेदना असह्य असल्यामुळे वेग हाच शल्यविशारदाचा सर्वांत मोठा गुण मानला जाई. लंडनचे विल्यम चेसेल्डन यांनी १७२७ च्या सुमारास मूतखडा काढण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्या साहाय्याने ते सुमारे एका मिनिटात खडा बाहेर काढीत. एवढ्या अल्पावधीत बांधलेल्या पायाच्या स्नायूला किंवा मज्जातंतूला स्थितीमुळे कायमची इजा होण्याचा संभव नगण्य होता. शिवाय रुग्ण जागा असे. एखादा हात पिरगळला किंवा पाय दबला, तर तो ओरडून सांगू शकत होता.

१८४६ नंतरचा बदल

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथे जेम्स यंग सिंप्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांचे जंतुविरोधी शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध झाले. या दोन्ही क्रांतींचा एकत्रित परिणाम म्हणजे उदरपोकळीतील दीर्घ शस्त्रक्रिया शक्य झाल्या. जे काम पूर्वी मिनिटांत उरकावे लागे, त्याला आता तास देता येऊ लागले.

या लाभाची दुसरी बाजू मात्र लगेच ध्यानात आली नाही. झोपेतील माणूसही ठरावीक वेळाने कूस बदलतो आणि अंगाखाली हात दबला तर मुंग्या येऊन जागा होतो. भूल दिलेला रुग्ण यांपैकी काहीच करू शकत नाही. १९४२ मध्ये माँट्रिअल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे या स्नायू शिथिल करणाऱ्या द्रव्याचा भुलीत उपयोग केला, तेव्हा या बदलाचा आणखी एक टप्पा गाठला गेला. सांध्याला मर्यादेपलीकडे ताणले जाऊ न देणारा स्नायूंचा ताणही आता नाहीसा झाला. वेदना हा हातापायांचा पहिला पहारेकरी आणि स्नायूंचा ताण हा दुसरा. शंभर वर्षांच्या आत हे दोन्ही पहारे उठले.

दोष औषधाचा की मेजाचा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेनंतर हात लुळा पडल्याच्या नोंदी होऊ लागल्या, तेव्हा संशयाची सुई प्रथम भुलीच्या औषधाकडे वळली. त्या काळाची मनोभूमिका पाहता हे स्वाभाविक होते. क्लोरोफॉर्ममुळे होणाऱ्या मृत्यूंची चर्चा सर्वत्र चालू होती. भारतात निजामाच्या आश्रयाने हैदराबाद येथे एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये नेमलेल्या दोन क्लोरोफॉर्म आयोगांपुढेही मुख्य प्रश्न हाच होता, की हे द्रव्य माणसाला मारते ते श्वसन थांबवून की हृदय थांबवून. औषध विषारी आहे असे एकदा गृहीत धरले, की लुळेपणाही त्याच विषाचा परिणाम मानणे सोपे जाते.

या समजुतीला १८९४ मध्ये ब्यूडिंगर यांनी क्लोरोफॉर्मच्या भुलीनंतरच्या लुळेपणावरील जर्मन निबंधात छेद दिला. हा लुळेपणा औषधामुळे नसून मेजावरील सदोष स्थितीमुळे येतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. हात डोक्याच्या बाजूला वर ओढून ठेवला असता मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे ताणले जाते आणि गळपट्टीचे हाड व पहिली बरगडी यांच्यामध्ये दाबले जाते, हे यामागील शारीरिक कारण होय. १८९७ मध्ये न्यूयॉर्कचे हेन्री गॅरिग्ज यांनी 'भुलीचा लुळेपणा' याच विषयावर लेख लिहून हा विचार इंग्रजी वाचकांपुढे आणला.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ शारीरशास्त्रीय नाही. दोष औषधाचा असेल तर तो द्रव्याचा गुणधर्म ठरतो आणि त्याला कोणी जबाबदार राहत नाही. दोष स्थितीचा असेल तर ती स्थिती कोणीतरी दिलेली असते आणि ती टाळताही आली असती. ब्यूडिंगर यांच्या निबंधाने हातापायांची हानी दैवाच्या क्षेत्रातून कर्तव्याच्या क्षेत्रात आणली, असे म्हणता येईल.

नव्या स्थिती, नवे धोके

याच सुमारास शस्त्रक्रियेच्या देहस्थितींमध्ये मोठी भर पडली. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग रुग्णाचे डोके खाली व कटिप्रदेश वर ठेवीत असत. या स्थितीत आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोटातील अवयव स्पष्ट दिसतात. त्यांचे शिष्य विली मायर यांनी १८८५ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले व पुढे ती ट्रेंडेलेनबुर्ग यांच्याच नावाने जगभर रूढ झाली. प्रारंभी साहाय्यक रुग्णाचे पाय स्वतःच्या खांद्यांवर घेऊन उभा राहत असे. पुढे त्याची जागा कलत्या मेजाने घेतली. कलत्या मेजावर देह डोक्याकडे घसरतो. तो घसरू नये म्हणून खांद्यांशी टेकू लावण्यात येऊ लागले. देहाचा भार या टेकूंवर पडला, की खांदा एका बाजूला आणि मान दुसऱ्या बाजूला ढकलली जाऊन तेच मज्जातंतूंचे जाळे पुन्हा ताणले जाते. एक अडचण दूर करणाऱ्या साधनाने दुसरी अडचण निर्माण केली.

१९३९ मध्ये लंडनचे लॉइड-डेव्हिस यांनी गुदाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी लिथॉटॉमी आणि ट्रेंडेलेनबुर्ग या दोन स्थितींचा संयोग सुचविला. १९०८ मध्ये माइल्स यांनी मांडलेल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत पोटाकडील काम झाल्यावर रुग्णाला वळवून खालील काम करावे लागे. नव्या स्थितीत एक शल्यविशारद पोटाकडून आणि दुसरा खालून एकाच वेळी काम करू शकला. हा बदल निःसंशय रुग्णाच्या हिताचा होता. परंतु त्यात दोन्ही पाय आधारांवर उंच आणि डोके खाली, अशी अवस्था निर्माण झाली. तिचा पायांतील रक्ताभिसरणावर होणारा परिणाम समजण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

स्नायूंचा कोंडमारा

आतापर्यंत पाहिलेली हानी मज्जातंतूंची होती. दुसरी आणि अधिक गंभीर हानी स्नायूंची असते. तिच्या आकलनाचा उगम शस्त्रक्रियागृहाबाहेर आहे. जर्मनीतील हाले येथील रिखार्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये घट्ट पट्ट्या बांधल्यानंतर हाताच्या स्नायूंना येणारा लुळेपणा व आखडलेपणा यांचे वर्णन केले आणि रक्तपुरवठा खंडित होणे हे त्याचे कारण सांगितले. हात मोडलेल्या मुलाचे हाड सांधावे आणि पंजा मात्र कायमचा नखरासारखा आखडून राहावा, ही त्या काळातील परिचित शोकांतिका होती.

पुढील दुवा दुसऱ्या महायुद्धातून आला. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या इमारतींखाली तासन्‌तास हातपाय दबून राहिलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात, पण काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी अशा चार रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दबलेल्या स्नायूंतून सुटणारे मायोग्लोबिन रक्तावाटे मूत्रपिंडांत पोहोचते, हा संबंध त्याच वर्षी उलगडला.

ढिगाऱ्याखालील माणूस आणि मेजावरील रुग्ण यांतील साम्य त्यानंतर लक्षात येऊ लागले. १९५३ मध्ये गॉर्डन आणि न्यूमन यांनी रुग्ण दीर्घकाळ गुडघे व छाती टेकलेल्या स्थितीत राहिल्यानंतर उद्भवलेल्या मूत्रपिंडविकाराची नोंद केली. १९७० मध्ये पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेतील अशाच दुमडलेल्या स्थितीनंतरच्या मूत्रपिंडविकाराची नोंद झाली. येथे कोसळलेली भिंत नव्हती. रुग्णाच्या स्वतःच्या देहाचा भारच ढिगाऱ्याचे काम करीत होता. १९७९ मध्ये लेफ आणि शपिरो यांनी लिथॉटॉमी स्थितीतून पायांत निर्माण होणाऱ्या उपद्रवांकडे मूत्ररोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले. अशा पायातील विकाराला पुढे 'निरोगी पायाचा कंपार्टमेंट सिंड्रोम' असे नाव मिळाले. शस्त्रक्रियेपूर्वी पाय पूर्णतः निरोगी होता, हे सत्य या नावातच सामावलेले आहे.

या विकाराची प्रक्रिया अशी आहे. गुडघ्याखालील पायाचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असून प्रत्येक कप्प्याभोवती न ताणणारे चिवट वेष्टण असते. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा जितका उंच, तितका त्यातील रक्तदाब कमी होतो. प्रत्येक सेंटिमीटर उंचीमागे ही घट साधारणतः पाऊण मिलिमीटर पारा इतकी असते. म्हणजे घोटा ४० सेंटिमीटर उंच असेल तर तेथील दाब सुमारे ३० मिलिमीटरने उतरतो. त्यातच पोटरी आधारावर दाबली जाते. काही तास असे गेल्यावर उपाशी राहिलेल्या स्नायूंच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाय खाली घेताच रक्त जोराने परत येते, सूज वाढते, पण वेष्टण ताणत नाही. कप्प्यातील दाब वाढून सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. मोठी धमनी मात्र वाहत राहते. त्यामुळे पावलावर नाडी लागते आणि आत स्नायू मरत असतो.

उपाय एकच, तो म्हणजे वेष्टणाला लांब छेद देऊन कप्पा मोकळा करणे. त्यासाठी हाती असलेला वेळ काही तासांचाच असतो. १९७५ मध्ये व्हाइटसाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईच्या साहाय्याने कप्प्यातील दाब मोजण्याची सोपी रीत मांडली आणि त्याच वर्षी मॅटसेन यांनी विविध कारणांनी होणारे हे विकार मूलतः एकच असल्याचे दाखविले. १९९६ मध्ये एडिंबरोच्या मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राउन यांनी नडगीचे हाड मोडलेल्या ११६ रुग्णांच्या अभ्यासातून असे सुचविले, की हृदय शिथिल असतानाचा रक्तदाब आणि कप्प्यातील दाब यांतील अंतर ३० मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास छेद घ्यावा.

तथापि मापनयंत्रापूर्वी येते ती वेदना. भुलीतून बाहेर आलेल्या रुग्णाने पोटावरील जखमेपेक्षा पोटरीच दुखते असे सांगणे, औषधालाही न जुमानणारी ती वेदना असणे आणि पायाची बोटे हलविताच ती वाढणे, ही प्रारंभीची लक्षणे होत. शस्त्रक्रियेनंतर कण्यावाटे दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाने हीच सूचना झाकली जाऊ शकते, असा इशारा वैद्यकीय वाङ्मयात वारंवार दिलेला आढळतो. शस्त्रक्रियेपुरता उठलेला पहारा परत येण्याच्या वेळीच त्याला पुन्हा निजविले जाण्याचा हा धोका आहे.

न्यायालयापुढील प्रश्न

जबाबदारीचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला तो न्यायालयात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९३९ मध्ये एका रुग्णावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच मान आणि उजवा खांदा यांच्यामध्ये तीव्र वेदना होत असल्याचे त्याने सांगितले. पुढे खांद्याचे स्नायू लुळे पडून झिजले. भूल देण्यापूर्वी आपल्याला मेजावर वर ओढून खांद्यांशी दोन कठीण वस्तूंना टेकविले होते, एवढेच त्याला आठवत होते. नंतर काय घडले आणि कोणाच्या हातून घडले, हे तो सांगू शकत नव्हता. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका यांपैकी नेमका दोषी कोण, हे रुग्णानेच सिद्ध करावे असा बचाव करण्यात आला.

'यबारा विरुद्ध स्पँगार्ड' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये हा बचाव अमान्य केला. बेशुद्ध रुग्णाने दोषी व्यक्ती ओळखून दाखवावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ज्यांच्या ताब्यात त्याचा देह होता, त्या सर्वांनी आपल्या वर्तनाचा खुलासा केला पाहिजे, असा या निर्णयाचा आशय होता. 'घटना स्वतःच बोलते' हे जुने न्यायतत्त्व येथे एका व्यक्तीऐवजी संपूर्ण चमूला लावण्यात आले. फेरसुनावणीत रुग्णाच्या बाजूने लागलेला निकाल १९४९ मध्ये कायम झाला.

भारतात 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. २००५ मध्ये 'जेकब मॅथ्यू' खटल्यात त्याच न्यायालयाने हे न्यायतत्त्व दिवाणी क्षेत्रातील असून केवळ त्याच्या आधारे डॉक्टरवर फौजदारी दोष ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. घटना बोलते हे खरे, पण ती नेमके काय बोलते याची छाननी आवश्यक असते.

आकडेवारीने दाखविलेली मर्यादा

ही छाननी शास्त्राने १९९० नंतर हाती घेतली. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संस्थेने निकालात निघालेल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचे संकलन केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ४,१८३ दाव्यांपैकी ६७०, म्हणजे १६ टक्के दावे मज्जातंतूंच्या इजेचे होते. कोपराजवळून जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूच्या इजेचे प्रमाण त्यांत सर्वाधिक होते. कोपराखाली मऊ आधार ठेवल्याची नोंद असूनही ही इजा झाल्याची प्रकरणे त्यांत आढळली.

मेयो क्लिनिकच्या वॉर्नर व सहकाऱ्यांनी १९५७ ते १९९१ या काळातील नोंदी तपासल्या. लिथॉटॉमी स्थितीतील १,९८,४६१ शस्त्रक्रियांमध्ये ५५ रुग्णांच्या पायांत मज्जातंतूंची चिरस्थायी इजा आढळली, म्हणजे साधारणतः ३,६०८ रुग्णांमागे एक. स्थितीचा कालावधी जितका अधिक तितका धोका अधिक, तसेच कृश व्यक्ती आणि नजीकच्या काळात धूम्रपान केलेल्या व्यक्ती यांना तो विशेष, असे निष्पन्न झाले. याच गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९९१ रुग्णांच्या अभ्यासात १.५ टक्के रुग्णांना पायांत तात्पुरत्या संवेदनविषयक तक्रारी आढळल्या आणि दोन तासांहून अधिक काळ त्या स्थितीत राहण्याशी त्यांचा संबंध दिसला.

मात्र त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष पुढे आला. शस्त्रक्रिया न झालेल्या, केवळ औषधोपचारासाठी दाखल असलेल्या ९८६ रुग्णांपैकी दोघांना अल्नर मज्जातंतूचा विकार जडला. म्हणजे अंथरुणाला खिळणे हेही एक कारण असू शकते. शस्त्रक्रियेनंतर दिसणारी प्रत्येक इजा मेजावरील चुकीमुळेच झाली, असे मानता येत नाही. ब्यूडिंगर यांनी औषधाकडून मेजाकडे वळविलेले बोट आता रुग्णाची प्रकृती, कालावधी आणि नंतरची शुश्रूषा यांच्याकडेही वळले.

अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २००० मध्ये याविषयीच्या सूचना प्रसिद्ध केल्या आणि पुढे त्यांत सुधारणा केल्या. उताण्या रुग्णाचा हात देहापासून ९० अंशांहून अधिक दूर नेऊ नये, कोपर व गुडघ्याबाहेरील मज्जातंतूवर दाब येऊ देऊ नये आणि घेतलेल्या दक्षतेची लेखी नोंद करावी, हा त्यांचा गाभा होय. लांबलेल्या शस्त्रक्रियेत मध्येच पाय काही वेळ खाली आणावेत, हा सल्लाही सर्वत्र रूढ झाला आहे.

या सल्ल्याची गरज नव्या तंत्राने वाढविली आहे. २००० मध्ये अमेरिकेत दा विंची रोबोटला मान्यता मिळाल्यानंतर पुरुषस्थ ग्रंथीच्या शस्त्रक्रियांत पाय फाकवून डोके तीव्र उतारावर खाली ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. सुरुवातीच्या यंत्रांत रोबोटचे हात एकदा जोडले, की ते काढल्याशिवाय मेज हलविता येत नसे. छेद लहान झाले, रक्तस्राव कमी झाला, पण निर्जंतुक वस्त्रांखाली झाकलेले पाय तासन्‌तास उंचच राहू लागले. खांद्यांच्या टेकूंचा जुना प्रश्नही या निमित्ताने पुन्हा उभा राहिला.

समारोप

या इतिहासात कोणी दुष्ट पात्र नाही. लिस्टर, ट्रेंडेलेनबुर्ग, लॉइड-डेव्हिस यांनी घडविलेला प्रत्येक बदल रुग्णाच्या कल्याणासाठीच होता. परंतु प्रत्येक बदलाने रुग्ण मेजावर अधिक काळ, अधिक अनैसर्गिक स्थितीत आणि अधिक असहाय अवस्थेत राहिला. त्याच्या मूक झालेल्या अवयवांच्या वतीने बोलणारे कोणीतरी हवे, ही जाणीव प्रथम शारीरशास्त्राने, नंतर न्यायालयाने आणि शेवटी आकडेवारीने करून दिली.

सुश्रुतसंहितेतील त्याच अश्मरीप्रकरणात शस्त्रक्रियेपूर्वी राजाची अनुमती घेण्यास सांगितले आहे, कारण उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास परिणाम अनिश्चित असतो. अनुमती घेणारा वैद्य उत्तरदायित्वही स्वीकारीत असतो. ते उत्तरदायित्व शस्त्र चालते त्या जागेपुरते मर्यादित नसून मेजाच्या टोकाशी वस्त्राखाली झाकलेल्या पावलापर्यंत पोहोचते, हे वैद्यकाला दीर्घ अनुभवांती उमगले. शस्त्रक्रियागृहात कोणीतरी वस्त्र बाजूला करून तो पाय पाहतो, पोटरीला हात लावतो आणि वेळ नोंदवितो, तेव्हा उठलेला पहारा पुन्हा बसलेला असतो.